हिवाळाभर बंद असलेली टू-स्ट्रोक स्कूटर: स्क्रूला हात लावण्याआधी

तुमची अडचण थोडक्यात अशी. दीडशे सीसीची गिअरवाली टू-स्ट्रोक स्कूटर हिवाळ्यात चार महिने झाकून ठेवली होती. आता ती चोक ओढला तरच चालते, चोक आत ढकलला की विझते, आणि गरम झाल्यावर मध्येच तिची रेस आपोआप चढते. मिक्श्चरचा स्क्रू तुम्ही साडेतीन फेरे बाहेर काढून पाहिलात, स्लो-स्पीडचा स्क्रू बराच आवळलात, तरी फरक नाही. आता कुणीतरी मेन जेट (कार्ब्युरेटरमधला पेट्रोल मोजून सोडणारा भोकाचा पितळी तुकडा) मोठा टाकायला सांगितलंय, तर टाकावा का?

टाकू नका. आणि स्क्रूही आता फिरवू नका.

गाडी उभी केली त्या दिवशी ती नीट चालत होती, म्हणजे तेव्हाचं सेटिंग बरोबर होतं. चार महिन्यांत स्क्रू आपोआप फिरत नाही आणि जेटचा आकडाही बदलत नाही. बदलतं ते पेट्रोल, ते सुकून ज्या भोकांत बसतं ती भोकं, आणि रबराचे भाग. त्यामुळे तुमचं काम ट्यूनिंगचं कमी आणि कार्ब्युरेटर मूळ अवस्थेत आणण्याचं जास्त आहे. ट्यूनिंग शेवटच्या पंधरा मिनिटांत होतं. त्याआधीचा अर्धा दिवस साफसफाईत जातो, आणि लोक नेमका तोच वाचवायला बघतात.

सुरुवात टाकीपासून करा. पेट्रोलमधला हलका भाग, म्हणजे थंड इंजिन पेटवणारा भाग, आधी उडून जातो. मागे उरतं ते जड आणि आळशी पेट्रोल. आजच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं आणि ते हवेतलं पाणी ओढून घेतं. पाणी एका मर्यादेबाहेर गेलं की इथेनॉल आणि पाणी मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात आणि टाकीच्या तळाशी बसतात. चारचाकीत याचा त्रास एवढाच की गाडी धक्के खाते. टू-स्ट्रोकमध्ये मामला गंभीर आहे, कारण ऑईल वरच्या पेट्रोलमध्ये राहतं आणि तळाच्या थरात जवळजवळ नसतंच. पेट्रोल कॉक तर तळातूनच ओढतो. मी एकदा ‘एवढं पेट्रोल कशाला ओतून द्यायचं’ म्हणून जुन्यावरच नवीन भरलं आणि निघालो. गाडी चालू झाली, थोडी कुरकुरली, आणि काही किलोमीटरवर मागचं चाक लॉक झालं. सिलिंडर काढला तेव्हा पिस्टनवर उभे ओरखडे होते. अर्धी टाकी पेट्रोल वाचवायच्या नादात बोअर करून घ्यावा लागला. तेव्हा सगळं जुनं पेट्रोल काढा, ते काचेच्या बरणीत ओतून दहा मिनिटं ठेवा आणि बघा. तळाशी वेगळा थर किंवा थेंब दिसले तर टाकी ताज्या पेट्रोलने खळखळून धुवा.

टाकी रिकामी आहे तोवर कॉकची जाळी काढून साफ करा आणि टाकीच्या झाकणातलं हवेचं भोक मोकळं आहे का पाहा. हे भोक बुजलं की गाडी पाच-दहा मिनिटं छान चालते आणि मग पेट्रोल संपल्यासारखी मरते. झाकण उघडून परत लावलं की पुन्हा चालू. यावर लोक कार्ब्युरेटर तीन-तीनदा उघडतात. पेट्रोलची नळी दाबून बघा. कडक झाली असेल किंवा वाकवल्यावर चिरा दिसत असतील तर बदला.

आता कार्ब्युरेटर. वेस्पाच्या घराण्यातल्या बहुतेक गिअर स्कूटरींवर डेलॉर्टोचा एसआय जातीचा किंवा त्याच घडणीचा कार्ब असतो, आणि तुमच्या वर्णनावरून तुमच्याकडेही तोच दिसतो. त्यात पेट्रोल कमी-जास्त करणारी नीडल (सुई) नसते, थ्रॉटलबरोबर नुसती स्लाइड, म्हणजे हवेची वाट उघडणारी सरकती पट्टी, वर-खाली होते. त्यामुळे नीडलची क्लिप एक खाच वर घ्या, हा सल्ला इथे लागू होत नाही. दोन्ही जेट, म्हणजे मेन जेट आणि थ्रॉटल बंद असताना पेट्रोल देणारा स्लो जेट, एअर बॉक्सचं झाकण आणि फिल्टर काढले की वरूनच स्क्रू ड्रायव्हरने निघतात. पण हिवाळ्यानंतर वरवरची सफाई पुरत नाही. पूर्ण कार्ब बाहेर काढा.

काढण्याआधी मिक्श्चरचा स्क्रू हळूच आत फिरवा, टेकेपर्यंत किती फेरे लागतात ते मोजा आणि लिहून ठेवा. टेकल्यावर जोर लावायचा नाही, नाहीतर टोकाला खाच पडते आणि तो स्क्रू पुन्हा कधीच नेमका लागत नाही. तुमच्या बाबतीत मूळचा आकडा हरवलाय, त्यामुळे आपण पुढे दोन फेऱ्यांपासून सुरू करू.

तुमची गाडी चोकवर का चालते, याचं उत्तर या कार्बच्या रचनेत आहे. चोक म्हटलं की हवेची वाट बंद करणारं झाकण डोळ्यासमोर येतं. इथे तसं नाही. चोक ओढला की पेट्रोलची एक स्वतंत्र वाट उघडते आणि तिला स्वतःचा छोटा जेट असतो. म्हणजे चोकवर इंजिन चालतं तेव्हा ते स्लो जेटला वळसा घालून पेट्रोल घेत असतं. चोक बंद करताच विझणं याचा अर्थ स्लो जेट किंवा त्याची वाट तुंबलीये, नाहीतर कुठूनतरी फालतू हवा आत येतेय आणि चोकचं जादा पेट्रोल ती झाकतंय. तुमच्याकडे रेसही आपोआप चढते, त्यामुळे दोन्ही असण्याची शक्यता मी धरून चालतो. मेन जेटचा या दोन्हींशी काही संबंध नाही. तो थ्रॉटल बराच उघडल्यावर कामाला येतो.

स्लो जेटच का तुंबतो, तेही पाहा. डेलॉर्टोच्या जेटवरचा आकडा म्हणजे भोकाचा व्यास, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात. 100 नंबरचा मेन जेट म्हणजे 1 मिलिमीटरचं भोक. एसआयच्या स्लो जेटवर 45/140 असं काही लिहिलेलं असतं. त्यात पेट्रोलचं भोक 0.45 मिलिमीटर आणि हवेचं 1.40. आता समजा दोन्ही जेटच्या आतल्या भिंतीवर सुकलेल्या पेट्रोलचा 0.03 मिलिमीटरचा थर बसला. मेन जेट 0.94 चा होईल, म्हणजे त्याचं क्षेत्रफळ सुमारे 12 टक्के घटेल. स्लो जेट 0.39 चा होईल आणि त्याचं क्षेत्रफळ थेट पाव हिश्शाने घटेल. थर तोच, पण मेन जेटला जेमतेम कळतो आणि स्लो जेटचा गळा आवळतो. टू-स्ट्रोकमध्ये हा थर आणखी चिकट असतो, कारण फ्लोट चेंबरमधलं, म्हणजे कार्बच्या छोट्या टाकीतलं, पेट्रोल उडून जातं आणि ऑईल मागे राहतं.

सफाईला तार वापरू नका. तांब्याचीही नको. पितळेचं भोक ओरबाडलं गेलं की 45 चा जेट कधी 48 चा झाला ते कळत नाही, वरचा आकडा मात्र 45 च राहतो. मी जेट कार्ब क्लीनरमध्ये रात्रभर भिजत ठेवतो, मग हवा मारतो आणि उजेडाकडे धरून भोक पूर्ण गोल दिसतं का ते पाहतो. अडलेला कण निघत नसेल तर मासेमारीच्या बारीक नायलॉन दोऱ्याचा तुकडा चालतो. मेन जेटचा दांडा तीन तुकड्यांचा असतो: खाली मेन जेट, मध्ये आडव्या भोकांची इमल्शन ट्यूब, वर हवेचा जेट. तिन्ही सुटे करा, ट्यूबची एकेक भोकं बघा आणि ज्या क्रमाने होते त्याच क्रमाने जोडा. बॉडीतल्या वाटांमध्ये क्लीनरची बारीक नळी लावून फवारा आणि तो दुसऱ्या टोकाने बाहेर येतोय याची खात्री करा. ही खात्री सोडली की नवा जेट टाकूनही गाडी तशीच वागते. क्लीनर आणि हवा मारताना डोळ्यांवर चष्मा हवाच. फवारा वळून कुठून तोंडावर येईल, सांगता येत नाही.

फ्लोट, म्हणजे त्या चेंबरमधला तरंगता भाग, कानाशी धरून हलवा. आत पेट्रोल खळखळत असेल तर तो फुटलाय. फ्लोटने दाबून पेट्रोल बंद करणाऱ्या पिनचं टोक नखाने चाचपा. त्यावर गोल कडा उमटली असेल तर पिन बदला, नाहीतर पेट्रोल थांबणार नाही. पेट्रोलची नळी जिथे जोडते तिथे आत एक लहानशी जाळी असते, तीही धुवा. आणि कॉक थेंबथेंब गळत राहिला असेल तर पेट्रोल क्रँककेसमध्ये, म्हणजे पिस्टनखालच्या बंद पोकळीत, साचलेलं असू शकतं. त्यासाठी कॉक बंद करा, प्लग काढा, थ्रॉटल पूर्ण उघडा आणि दहा-पंधरा किका मारा. या वेळी प्लगची कॅप बाजूला, प्लगच्या भोकापासून दूर, बॉडीला टेकवून ठेवा. बाहेर उडणाऱ्या पेट्रोलला ठिणगी मिळायला नको.

जोडताना सगळी पॅकिंग नवी लावा. जुनं पॅकिंग उलटं करून वापरायची काटकसर इथे महागात पडते. कार्बचे दोन बोल्ट सारखे आवळा, ताकद दाखवू नका. जास्त आवळल्याने बॉडी वाकते आणि स्लाइड अडकते. मग थ्रॉटल सोडला तरी रेस उतरत नाही आणि दोष भलत्यालाच लागतो. बॉडीचा तळ सपाट आहे का ते काचेवर ठेवून तपासता येतं.

आता तुमच्या चढणाऱ्या रेसबद्दल, कारण मला खरी काळजी तिची वाटते. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल-हवेचं मिश्रण क्रँककेसमधून जातं, म्हणून क्रँकच्या दोन्ही बाजूंची ऑईल सीलं हवाबंद असावी लागतात. गाडी महिनोन्महिने उभी राहिली की सीलच्या ओठावरचं ऑईल सुकतं आणि रबर कडक होतं. मॅग्नेटच्या बाजूचं सील गळायला लागलं की तिथून कोरडी हवा आत येते. मिश्रण पातळ होतं (हवा जास्त, पेट्रोल कमी; याच्या उलट ते गाढं), रेस चढते, इंजिन तापतं आणि तापल्यावर आणखी चढते. क्लचच्या बाजूचं सील गेलं तर इंजिन गिअर ऑईल ओढतं. मग थांबता न थांबणारा पांढरट धूर येतो आणि गिअर ऑईलची पातळी घटते. उभ्या गाडीत पेट्रोल साचलं असेल तर उलटंही होतं, गिअर ऑईलला पेट्रोलचा वास मारतो. लेव्हलचा बोल्ट काढून बोट लावून हुंगा, फुकटची तपासणी आहे.

सफाईनंतरही रेस चढत असेल तर क्रँककेसची हवा तपासणी करून घ्या. इनटेक आणि सायलेन्सरची तोंडं बंद करायची, प्लगच्या भोकातून साधारण 6 पीएसआय दाब द्यायचा आणि काही मिनिटं काटा टिकतो का ते पाहायचं. काटा उतरला तर साबणाचं पाणी लावून बुडबुडे शोधा. चालू इंजिनवर क्लीनर फवारून गळती शोधायची पद्धत सर्रास दिसते, पण गरम सायलेन्सरशेजारी ज्वलनशील फवारा मारणं मला कधीच पटलेलं नाही. शिवाय मॅग्नेटचा पंखा तो फवारा कुठे नेऊन टाकेल याचा नेम नसतो.

आणि रेस हाताबाहेर गेलीच तर? चावी बंद केल्यावरही तापलेलं इंजिन कधी कधी चालत राहतं. कॉक बंद करून उपयोग नाही, फ्लोट चेंबरमध्ये पेट्रोल शिल्लक असतं. चोक पूर्ण ओढा, म्हणजे जादा पेट्रोलने ते गुदमरेल. तरीही थांबलं नाही तर वरचा गिअर टाका, दोन्ही ब्रेक घट्ट दाबा आणि क्लच सोडा.

प्लग नवीन टाका, कंपनीच्या पुस्तकात दिलेल्या हीट नंबरचाच. गाडी प्लॅटिनमची, म्हणजे उघडझाप करणाऱ्या पॉइंटवर ठिणगी देणारी, असेल तर ते पॉइंट बारीक पॉलिश पेपरने साफ करा, कारण ओलसर जागेत त्यांवर बुरशीसारखा थर येतो. सायलेन्सरच्या तोंडातही एकदा डोकावा. बंद गाडीत किडे आणि उंदीर संसार थाटतात.

आता पेट्रोल. ताजं घ्या आणि पुस्तकात दिलेल्या प्रमाणात ऑईल मिसळा. बहुतेक अशा स्कूटरींना 2 टक्के, म्हणजे लिटरला 20 मिलिलिटर लागतं. ‘बरेच दिवस बंद होती, जरा जास्त ऑईल घालू’ असं वाटतं खरं. पण त्याच जेटमधून तेवढंच द्रव जातं, त्यात ऑईल वाढलं की पेट्रोल घटतं आणि मिश्रण थोडं पातळच होतं. ऑईलची वेगळी टाकी आणि पंप असेल तर मात्र पहिल्या टाकीला पेट्रोलमध्येही ऑईल घाला. नळीत हवेचा बुडबुडा अडकलेला असू शकतो, आणि तो निघेपर्यंत पिस्टनला वाली नाही.

इथून पुढे खरं ट्यूनिंग. मिक्श्चरचा स्क्रू आत टेकवून दोन फेरे बाहेर काढा. एअर फिल्टर आणि एअर बॉक्सचं झाकण लावूनच काम करा. उघड्यावर लावलेलं सेटिंग झाकण बसवताच बदलतं. गाडी किमान दहा मिनिटं चालवून आणा. स्टँडवर गुरगुरत ठेवल्याने इंजिन त्याच्या खऱ्या तापमानाला येत नाही. मग स्लो-स्पीडच्या स्क्रूने रेस नेहमीपेक्षा थोडी वर ठेवा आणि मिक्श्चरचा स्क्रू पाव-पाव फेरा फिरवा. प्रत्येक वेळी दहा सेकंद थांबा. टू-स्ट्रोकच्या क्रँककेसमध्ये आधीचं मिश्रण शिल्लक असतं, त्यामुळे बदल उशिरा ऐकू येतो, आणि घाईचा माणूस नेमकी जागा ओलांडून पुढे जातो. रेस सर्वांत वर आणि आवाज सर्वांत सलग, अशी एक जागा सापडेल. तिथून पाव फेरा गाढ्या बाजूला या आणि मग स्लो-स्पीड उतरवून नेहमीच्या जागी आणा.

गाढी बाजू कोणती, यात निम्मे लोक फसतात. तुमच्या एसआय कार्बमध्ये हा स्क्रू पेट्रोलमिश्रित हवेवर काम करतो, म्हणून बाहेर काढला की मिश्रण गाढं होतं. काही स्लाइड कार्बमध्ये तो नुसत्या हवेवर काम करतो, तिथे बाहेर काढला की पातळ होतं. साधी खूण अशी: स्क्रू इंजिनच्या बाजूला असेल तर बाहेर म्हणजे गाढं, फिल्टरच्या बाजूला असेल तर बाहेर म्हणजे पातळ.

पारख कानाने करा. थ्रॉटल झटक्यात उघडून सोडा. रेस वर रेंगाळून सावकाश उतरली तर मिश्रण पातळ आहे. रेस नेहमीपेक्षा खाली बुडून परत वर आली तर गाढं आहे. उघडताना इंजिन क्षणभर गपकन बसलं तर पातळ, भडभड करत गेलं तर गाढं. एका फेऱ्याच्या आत किंवा साडेतीन फेऱ्यांच्या बाहेरच गाडी ठीक चालत असेल तर स्क्रू तुम्हाला काहीतरी सांगतोय: स्लो जेट चुकीचा आहे, वाट अजून तुंबलेली आहे किंवा हवा आत शिरतेय. तुम्ही साडेतीनवर असूनही फरक पडला नाही, म्हणून तर पहिल्याच ओळीत ‘टाकू नका’ म्हटलं.

मेन जेटचा विचार एवढं सगळं झाल्यावर. तो बदलायची दोन कारणं खरी आहेत. पहिलं, पेट्रोल. साध्या पेट्रोलला वजनाने एका भागाला 14.7 भाग हवा लागते, दहा टक्के इथेनॉलवाल्याला सुमारे 14.1 आणि वीस टक्केवाल्याला सुमारे 13.5. म्हणजे जुना जेट नव्या पेट्रोलवर अनुक्रमे 4 आणि 8 टक्क्यांच्या आसपास पातळ चालतो. जेटचा प्रवाह क्षेत्रफळावर ठरतो आणि क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गावर, म्हणून 4 टक्के भरून काढायला 100 चा 102 पुरतो आणि 8 टक्क्यांना 104. ‘एकदम 110 टाक’ हा सल्ला इथेच उघडा पडतो, कारण त्याने प्रवाह 21 टक्क्यांनी वाढतो. दुसरं कारण, थंडी. शून्य अंशाची हवा तीस अंशांच्या हवेपेक्षा सुमारे 11 टक्के दाट असते. यातला अर्धा फरक कार्ब स्वतःच सांभाळतो, कारण दाट हवा पेट्रोलही जोराने ओढते. उरलेला साधारण 5 टक्के तुमच्यावर. म्हणून उन्हाळ्यात काठावर लावलेली गाडी गार सकाळी जाम होऊ शकते. हिवाळा संपता संपता, गार हवेत ट्यून केलेली गाडी पुढे उकाड्यात थोडी गाढी होईल एवढंच. टू-स्ट्रोकमध्ये चूक करायचीच तर याच बाजूला करावी, कारण तिचं ऑईल पेट्रोलबरोबरच येतं.

जेट बरोबर आहे का ते प्लगवरून ठरवा. इंजिन गरम करून नवा प्लग लावा, मोकळ्या सरळ रस्त्यावर पूर्ण थ्रॉटलवर थोडं अंतर जा, आणि थ्रॉटल न सोडता एकाच वेळी इग्निशन बंद करून क्लच दाबा. कडेला घेऊन प्लग काढा. थ्रॉटल सोडून हळूहळू घरी येऊन प्लग पाहिला तर तो तुम्हाला स्लो जेटचीच गोष्ट सांगेल. पांढऱ्या चिनी मातीच्या मुळाशी, आत खोल, टॉर्च टाकून बघा. तिथे तपकिरी कडं दिसलं तर जेट बरोबर. पांढराफटक असेल किंवा बारीक चकाकते ठिपके दिसले तर गाडी तशी पुढे चालवू नका, दोन नंबर मोठा जेट टाकून पुन्हा तपासा. काळा आणि ओला असेल तर दोन नंबर उतरा. रंग ठीक निघाला की जेटचे आकडे आणि स्क्रूचे फेरे एका कागदावर लिहून डिकीच्या झाकणाला आतून चिकटवून टाका.